कर्जत नेमके कोणते?

विकीवर लिहिणाऱ्या मंडळींत एक मत अलीकडे वारंवार आणि मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. पानाचे शीर्षक कसे असावे, कोणत्या शब्दाला दुवा द्यावा, पुनर्निर्देशने, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाच्या पानावर आपोआप नेणारी पाने, किती करावीत ही सगळी कारकुनी आहे. खरे काम मजकुराचे. वाचक शोधयंत्रातून येतो, शीर्षकातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे तो पाहत नाही आणि लेखातल्या निळ्या शब्दांवर फारशी टिचकीही मारत नाही. तेव्हा नावांवर चर्चापाने भरवण्यापेक्षा तेवढ्या वेळात चार नवे लेख लिहावेत, असा या मताचा सल्ला असतो.

सल्ला व्यवहारी वाटतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज त्यावरील लेखांची संख्या एक लाखाच्या घरात आहे, पण नेमाने लिहिणारे हात मोजकेच आहेत. अशा ठिकाणी वेळ वाचवण्याची कोणतीही सूचना चटकन पटते. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. इंग्रजीत तो निम्मा चुकीचा ठरेल. मराठीत तो पुरता चुकीचा आहे आणि त्याची कारणे मराठी मुलखातली गावे, मराठीची लिपी आणि मराठीचे व्याकरण यांत आहेत.

आधी गावे पाहावीत. मुंबईहून लोकलने कर्जतला जाणारा माणूस रायगड जिल्ह्यात, उल्हास नदीच्या काठी उतरतो. अहिल्यानगर जिल्ह्यातही कर्जत आहे, तेही तालुक्याचे ठिकाण, आणि राशीनच्या देवीचे प्रसिद्ध देऊळ याच तालुक्यात आहे. राशीनवर लिहिणाऱ्याने मजकुरात नुसता ‘कर्जत’ असा दुवा टाकला आणि त्या शीर्षकाचे पान रायगडच्या कर्जतचे असले, तर राशीन देशावरच्या कोरडवाहू मुलखातून उठून थेट कोकणात जाऊन बसते. वाक्यात चूक दिसत नाही, शब्द निळा दिसतो, आणि म्हणूनच ती चूक वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही.

हे एकट्या कर्जतचे नाही. खेड रत्नागिरीत आहे आणि पुण्यातही. पुण्याच्या खेडला हुतात्मा राजगुरूंचे नाव दिले गेले, तरी तालुक्याचे नाव खेडच राहिले. मालेगाव नाशकात आणि वाशीमला. कळंब धाराशिवला आणि यवतमाळला. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात, सेलू परभणीत आणि वर्ध्यात. पाटण सातारा जिल्ह्यात कोयनेच्या खोऱ्यात आहे, गुजरातेत राणीच्या विहिरीचे पाटण आहे, आणि नेपाळात काठमांडूला लागून तिसरे. ही नुसती तालुक्यांच्या गावांची यादी झाली. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव, सावरगाव अशा नावांची खेडी मोजायला बसले तर दिवस पुरणार नाही.

आणि या गावकऱ्यांनी विकीच्या कितीतरी आधी आपला प्रश्न सोडवून ठेवला आहे. कारंजा लाड आणि कारंजा घाडगे. शिरूर कासार, शिरूर अनंतपाळ, आणि पुण्याजवळचे घोडनदीचे शिरूर. वडगाव शेरी, वडगाव मावळ, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. फारसीतून दप्तरात आलेले हे शब्द गावांनी इतके आपलेसे केले की आज ते परके वाटत नाहीत. सारा कोणत्या गावचा, वतन कोणत्या गावचे, पत्र कोणत्या गावी टाकायचे हे या जोडशब्दांनी ठरत आले. विकीवर ज्याला ‘निःसंदिग्धीकरण’ असे जड नाव आहे, ते काम कुलकर्ण्याच्या दप्तरात शतकानुशतके चालत होते. त्या काळी त्याला कुणी बिनमहत्त्वाचे म्हटले नाही, कारण तिथे चूक झाली की एका गावचा सारा दुसऱ्याच्या माथी बसला असता.

‘शोधयंत्र पाहून घेईल’ या युक्तिवादाची मुख्य अडचण अशी की दुवा आणि शोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोधयंत्र सैल असते. ते जवळचे शब्द पाहते, चुका पोटात घालते, दहा पर्याय पुढे ठेवते. विकीचा दुवा असा सैल नसतो. चौकोनी कंसांत लिहिलेला शब्द आणि पानाचे शीर्षक संकेतागणिक जुळले तरच दुवा निळा होतो. एका चिन्हाचा फरक पडला तरी तो लाल, म्हणजे असे पानच नाही. या कामात शोधयंत्राच्या सहनशीलतेचा काडीचाही उपयोग नाही.

मराठीत हा एका चिन्हाचा फरक कसा पडतो ते सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाडवरून पाहता येते. यशवंतराव चव्हाणांच्या या गावाचे नाव ‘कराड’ असेही लिहितात आणि ‘कऱ्हाड’ असेही. हे दोन उघड पर्याय झाले. पण ‘कऱ्हाड’ हा शब्द संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकीत साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह येते. दुसरीत नुक्त्याचा ‘ऱ’ हा स्वतंत्र संकेत वापरला जातो. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. वाचणाऱ्याला, मुद्रितशोधकाला, व्याकरणाच्या जाणकाराला त्यांत फरक सापडणार नाही. संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे आहेत. एकाने एका तऱ्हेने पान केले आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने दुवा दिला की तो लाल दिसतो. ‘अरेच्चा, कऱ्हाडवर लेखच नाही’ म्हणत तो दुसरे पान सुरू करतो. मग एका गावाची दोन पाने वाढत जातात, एकावर प्रीतिसंगमाचे वर्णन आणि दुसऱ्यावर लोकसंख्या. दऱ्या, वाऱ्या, सुऱ्या, जेजुरीजवळून वाहणारी आणि अत्र्यांच्या ‘कऱ्हेचे पाणी’मुळे घराघरांत पोचलेली कऱ्हा, या सगळ्यांची हीच गत.

‘ॲ’ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. मराठीसाठी या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला. त्याआधी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत, आणि तो नीट बसावा म्हणून काही जण मध्ये ते अदृश्य जोडचिन्हही घालत. म्हणजे ‘ॲमेझॉन’ हे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडू शकते. त्यातून ॲमेझॉन नदी आहे, ॲमेझॉनचे जंगल आहे आणि ॲमेझॉन नावाची कंपनीही आहे. तीन विषय, तीन तऱ्हा. ही गाठ सोडवायला एक माणूस बसावा लागतो, जो निःसंदिग्धीकरणाचे पान करील आणि उरलेल्या लिखाणांची पुनर्निर्देशने त्याकडे लावील. त्याने हे काम केले नाही तर इतरांचा लिहिलेला मजकूर तीन ठिकाणी विखरून पडतो. ज्यांना मजकूर महत्त्वाचा वाटतो त्यांनी हे काम हलके लेखावे, याचे नवल वाटते.

व्याकरणाचा मुद्दा याहून खोल आहे, आणि दुर्दैवाने त्याची चर्चा सर्वांत कमी होते. इंग्रजी नाम वाक्यात आले तरी सहसा आपले रूप सोडत नाही. मराठी नाम विभक्तीचा प्रत्यय लागायच्या आत सामान्यरूपात जाते. मुंबईचे सोपे आहे: [[मुंबई]]त असे लिहिले की कंसाबाहेरचा ‘त’ प्रणाली आपोआप दुव्यात ओढून घेते आणि वाचकाला ‘मुंबईत’ हा सलग निळा शब्द दिसतो. सांगलीचेही तसेच. पण पुणे ‘पुण्यात’ होते, ठाणे ‘ठाण्यात’, सातारा ‘साताऱ्यात’. कोल्हापूरचा दीर्घ ऊकार ‘कोल्हापुरात’ म्हणताना ऱ्हस्व होतो, नागपूरचाही. नाशिकचे ‘नाशकात’ होते आणि मधली वेलांटीच गळते. इथे लेखकाला [[पुणे|पुण्यात]], [[कोल्हापूर|कोल्हापुरात]] असे दोन्ही भाग हाताने लिहावे लागतात: आधी पानाचे खरे नाव, मग वाक्यात दिसायचे रूप.

हे कष्ट टाळण्याचे दोन मार्ग लोक काढतात आणि दोन्ही मराठीची हानी करतात. पहिला, दुवा द्यायचाच नाही. दुसरा, ‘पुणे येथे’, ‘कोल्हापूर मध्ये’, ‘सातारा या ठिकाणी’ असे लिहायचे, म्हणजे नाम जसेच्या तसे राहते आणि कंस सोपे होतात. सरकारी पत्रकात शोभणारी ही भाषा विकीवरच्या लेखांत फोफावली त्यामागे अनुवादाच्या घाईइतकाच दुव्यांचा आळसही आहे. दोन कंस टाळण्यासाठी ज्ञानकोशाने सामान्यरूप सोडून द्यावे, ही किंमत फार मोठी आहे.

या प्रणालीचा पाया इंग्रजीत घातला गेला, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिले विकी खुले केले. होनोलुलूच्या विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून त्यांनी नाव घेतले. हवाई भाषेत विकी म्हणजे जलद. त्यांच्या विकीत दुवा देण्याची युक्ती साधी होती: दोन-तीन शब्द मधली जागा गाळून जोडायचे आणि प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत लिहायचे, की तो शब्द आपोआप दुवा होई. म्हणजे नाव देणे आणि दुवा देणे ही तिथे एकच क्रिया होती. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला तोही याच पद्धतीने. तिच्या अडचणी लगेच दिसल्या, कारण एकशब्दी शीर्षकांना ती चालत नव्हती, आणि काही आठवड्यांतच दुहेरी चौकोनी कंस आले. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही. मूळची पद्धत टिकली असती तर मराठीत एकही दुवा पडला नसता. हे कंस हीच मराठी विकीची पूर्वअट आहे, आणि त्यांत काय लिहायचे हा मराठी लिहिणाऱ्यांनीच सोडवायचा प्रश्न आहे. तो दुसऱ्या भाषेतून सुटून येणार नाही.

लांबलचक, सर्वसमावेशक शीर्षक दिले की वाद मिटेल, असेही काहींना वाटते. त्यालाही लिपीची मर्यादा आहे. शीर्षकाला २५५ बाइटांची कमाल सीमा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी हे वेगळे संकेत धरले जातात. म्हणजे मराठी शीर्षकाला फार तर ८५ संकेत मिळतात. ‘पुणे’ हे एवढेसे नाव बारा बाइटांचे आहे आणि पानाचा पत्ता नक्कल करून कुणाला पाठवला की तेच टक्क्यांच्या चिन्हांसह ३६ चिन्हांचे होते. मराठीत आटोपशीर शीर्षकाची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे.

माणसांच्या नावांकडे वळले की हे काम किती जबाबदारीचे आहे ते कळते. मराठी साहित्य टोपणनावांनी भरलेले आहे. राम गणेश गडकरी नाटके स्वतःच्या नावाने लिहीत, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोद ‘बाळकराम’ म्हणून. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर ही दोन माणसे नव्हेत. केशवकुमार म्हणजे अत्रे. ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. ‘पु. ल. देशपांडे’ या नावात टिंबांनंतर जागा सोडली की नाही एवढ्यावर दोन शीर्षके होतात, आणि पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे हे तिसरे.

यांतले सर्वांत बोलके उदाहरण ‘कळ्यांचे निःश्वास’च्या लेखिकेचे. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने ते पुस्तक आले आणि मध्यमवर्गीय समाजात मोठी खळबळ उडाली. ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालती बेडेकर. एक जन्माचे नाव, एक लग्नाचे, आणि एक तिने स्वतः निवडलेले, ज्याच्या आडोशाने तिला खरे बोलता आले. लेखाचे शीर्षक यांपैकी कोणते असावे? इंग्रजी विकिपीडियाचा नियम सांगतो, वाचकाला ओळखीचे असेल ते. मराठीतही तो नियम बरोबर आहे आणि त्यानुसार विभावरी शिरूरकर हेच यायला हवे. पण उरलेल्या दोन नावांची पुनर्निर्देशने नसतील तर मालती बेडेकरांच्या समाजशास्त्रीय लेखनाबद्दल कुणी लिहिलेला दुवा लाल राहील आणि उद्या कुणी त्यांच्यावर वेगळा लेख उभा करील. एका बाईचे आयुष्य ज्ञानकोशात दोन तुकड्यांत विभागले जाईल. हे थांबवायला लागते ते एका ओळीचे पान. त्याला कारकुनी म्हणणाऱ्यांनी त्या ओळीने काय वाचते तेही सांगावे.

नावांच्या वादांची चेष्टा करणाऱ्यांकडे काही हुकमी उदाहरणे असतात. दह्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर असावे की नसावे यावर इंग्रजी विकिपीडियावर अनेक वर्षे खल चालला. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या २०१३ च्या चित्रपटाच्या नावात एका शब्दाचे पहिले अक्षर मोठे की लहान, यावर हजारो शब्द खर्ची पडले. हा वेळ वाया गेला हे मान्य करायला हवे. पण त्याच विकीवर २००५ मध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्क शहराच्या नावावर मतदान झाले. पोलिश ग्दान्स्क की जर्मन डान्झिग, यावरून संपादक एकमेकांचे लिखाण रोज उलटवत होते. शेवटी ठरले की १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग म्हणावे, त्याआधी आणि त्यानंतर ग्दान्स्क. चर्चा कंटाळवाणी होती, पण तिच्यामुळे इतिहासाच्या शेकडो लेखांना एक शिस्त मिळाली.

महाराष्ट्राला आज नेमक्या अशा शिस्तीची गरज आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे शहर वसवले, त्याचा मुलगा फतेहखान याने त्याला फतेहनगर म्हटले, औरंगजेबाच्या काळात ते औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. त्याच वर्षी उस्मानाबादचे धाराशिव झाले, पुढच्या वर्षी अहमदनगरचे अहिल्यानगर. पानाचे स्थानांतरण करायला, म्हणजे शीर्षक बदलायला, एक मिनिट लागते. पण सरसकट शोधून बदलायची घाई केली की मलिक अंबर छत्रपती संभाजीनगरात राज्यकारभार पाहू लागतो, संभाजीराजांच्या जन्माच्या कितीतरी आधी. जुनेच नाव धरून ठेवले तर आजच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचा पत्ता चुकतो. योग्य मार्ग दुव्यातच आहे: पान आजच्या नावाचे, वाक्यात दिसणारे नाव त्या-त्या काळाचे, आणि दोहोंना जोडणारी उभी रेघ. स्थानांतरणानंतर जुनी पुनर्निर्देशने एकमेकांवर चढतात तेव्हा वाचक मधल्याच पानावर अडकतो, कारण प्रणाली दुसऱ्या पुनर्निर्देशनापुढे जात नाही. ती सरळ करायला सांगकाम्ये, म्हणजे आपोआप संपादने करणारे संगणकीय कार्यक्रम, असतात, पण त्यांना कामाला लावणारा माणूस लागतोच.

नाव क्षुल्लक आहे असे मराठवाड्यात कुणी म्हणू शकत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर दलित वस्त्या पेटल्या, माणसे मारली गेली, आणि नाव प्रत्यक्षात बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. चळवळ नामांतराची होती. हाती आला तो नामविस्तार. या दोन शब्दांतला फरक ज्यांनी सोसला त्यांच्यासाठी तो जिवाचा होता. या घटनेवरच्या लेखाचे शीर्षक काय, विद्यापीठाच्या लेखातून त्याकडे दुवा आहे की नाही, आणि तो कोणत्या शब्दावरून आहे, हे ठरवणे म्हणजे इतिहासाबद्दल एक भूमिका घेणे आहे. ती विचारपूर्वक घेतली जावी, एवढीच मागणी आहे.

विरोधकांचा सर्वांत भक्कम पुरावा टिचक्यांचा आहे आणि तो टाळणे अप्रामाणिक होईल. फेब्रुवारी २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियात घातल्या गेलेल्या सुमारे आठ लाख नव्या दुव्यांचा मागोवा संशोधकांनी घेतला, तेव्हा मार्च महिन्यात त्यांतल्या ६६ टक्के दुव्यांवर एकदाही टिचकी पडली नव्हती असे दिसले. आकडा खरा आहे. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष वेगळा. त्या संशोधकांचा हेतू दुवे निरुपयोगी ठरवण्याचा नव्हता. कोणते दुवे उपयोगी पडतील हे आधी ओळखता येईल का, हे त्यांना पाहायचे होते. दुवे बेफिकिरीने टाकले जातात, एवढे यातून सिद्ध होते. मराठीतही हा दोष आहे. ‘भारत’, ‘महाराष्ट्र’, ‘मराठी’ या शब्दांना प्रत्येक परिच्छेदात निळे केलेले लेख ढिगाने सापडतील, आणि त्याच लेखात ज्या एका अवघड संज्ञेवर वाचक अडतो तिला दुवा नसतो.

शिवाय दुव्याचे काम टिचकीवर संपत नाही. डायोमिडिस स्पिनेलिस आणि पानागिओटिस लुरिडास या अथेन्सच्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये विकिपीडियाच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की नवे लेख पुष्कळदा त्या विषयाकडे कुठूनतरी लाल दुवा पडल्यानंतर लवकरच जन्माला येतात, आणि दुवा टाकणारा व लेख लिहिणारा ही बहुतेक वेळा वेगवेगळी माणसे असतात. म्हणजे लाल दुवा हे अनोळखी माणसाला धाडलेले आमंत्रण आहे. ‘चार नवे लेख लिहा’ म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा, कारण नवे लेख कसे येतात याचे उत्तर त्यात आहे. मराठीत मात्र लाल शब्द लेखाची शोभा घालवतो म्हणून ते पुसून टाकण्याची सवय रुजली आहे. ती सोडायला हवी. लाल दुवा पुसणे म्हणजे पुढच्या लेखकासाठी ठेवलेली खूण पुसणे.

राहिला यंत्रांचा मुद्दा. विकिडेटा हा सर्व भाषांतल्या विकींचा सामायिक माहितीसाठा २०१२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि प्रत्येक विषयाला त्याने क्रमांक दिला. मुंबईचा ११५६ आहे. आता नावाचे काय काम, असे विचारले जाते. पण मराठी पान योग्य क्रमांकाला जोडणारा माणूसच असतो, आणि त्याला दोन कर्जतांतला फरक ठाऊक नसेल तर क्रमांक ती चूक सगळ्या भाषांत नेऊन पोचवतो. सेबुआनो विकिपीडियाचे उदाहरण पाहावे: एका संगणकीय सांगकाम्याने भूगोलाच्या माहितीसंचातून लाखो पाने तयार केली, लेखसंख्या साठ लाखांच्या वर गेली, आणि त्या पानांवर नावांच्या, ठिकाणांच्या चुकाही तितक्याच यांत्रिकपणे उतरल्या. दुवे सुचवणारी यंत्रेही आता आली आहेत. ती त्या-त्या विकीवरच्या जुन्या दुव्यांतून शिकतात आणि फक्त असलेल्या लेखांकडे दुवा सुचवतात. माणसांनी मराठीत जे जोडलेच नाही, ते यंत्र कुठून शिकणार? आणि लाल दुवा तर ते कधीच सुचवणार नाही.

मराठी कोशकारांना हे सगळे ठाऊक होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईत मराठी विश्वकोशाचे काम चालले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्याच्या तीन वर्षे आधी, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रहाचा खंड छापून झाला होता. आधी नावे ठरली, मग लेख आले. आणि विश्वकोशातल्या नोंदींच्या शेवटी येणारा ‘पहा’ हा शब्द म्हणजे कागदावरचा दुवाच. खिळे जुळवून छापायच्या काळात, पुढचा खंड कधी निघेल याचा भरवसा नसताना, संपादक ‘पहा’ लिहून त्या खंडातल्या नोंदीचे नाव आधीच नक्की करीत होते. आज एका टिचकीवर होणारे हे काम त्यांनी मोठ्या कष्टाने केले.

विकीवर ‘येथे काय जोडले आहे’ असा एक पर्याय असतो, आणि विशेष पानांत ‘पोरकी पाने’ नावाची एक यादी. ज्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्याही लेखातून एकही दुवा येत नाही, ते लेख या यादीत असतात. पोरके हा शब्द ज्याने कुणी इथे निवडला त्याने अचूक निवडला. कुणीतरी रात्री जागून, संदर्भ जमवून लिहिलेला लेख तिथे पडून असतो, कारण त्याच्या गावाच्या, तालुक्याच्या, नदीच्या पानावर त्याचे नाव नाही.

वाचकाला विनंती एवढीच आहे. आज आपल्या गावाचे पान उघडावे. नाव लोक म्हणतात तसे आहे का ते पाहावे; दुसरे लिखाण रूढ असेल तर त्याचे पुनर्निर्देशन करावे. त्याच नावाचे दुसरे गाव ठाऊक असेल तर निःसंदिग्धीकरणाच्या पानावर दोन्ही लिहावीत. मग ‘येथे काय जोडले आहे’ उघडून, तिथली प्रत्येक ओळ खरोखर आपल्याच गावाबद्दल आहे का, हे एकदा वाचून पाहावे.